उकिडवं बसणं हा ‘खेळ’ कधीपासून झाला?

तुमच्यातले बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या घाईत असतील. फिजिओथेरपी, ऑर्थोपेडिक्स, क्रीडावैद्यक, कम्युनिटी मेडिसिन, शाखा कुठलीही असो, त्या फॉर्ममध्ये एक रकाना हमखास असतो: परिणाम कशाने मोजणार? आणि हाच रकाना आपण सगळ्यात कमी वेळात भरतो. गुडघा असेल तर ‘कूस’ किंवा ‘वोमॅक’, टाचेमागची अकिलीस टेंडन असेल तर ‘व्हिसा-ए’. जगभर वापरतात, वैधता तपासलेली आहे, गाईडही हरकत घेत नाहीत. झालं, पुढचा रकाना.

आज आपण याच रकान्यावर थांबणार आहोत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या प्रश्नावल्या वाईट नाहीत. पण प्रत्येकीच्या पोटात ‘बरं होणं’ म्हणजे काय याचं एक ठरलेलं चित्र आहे. ते चित्र आपल्या समोरच्या माणसाच्या दिवसाशी जुळतं का, हे न बघता स्कोअर काढला तर स्कोअर चुकतो. किती चुकतो, ते खाली हिशेब करून बघू.

हवेत बोलण्यापेक्षा एक जागा डोळ्यांसमोर ठेवू: माहुल.

माहुलमध्ये गुडघा काय काम करतो?

चेंबूरच्या पलीकडे, खाडीला लागून माहुल आहे. खरं तर दोन माहुल आहेत. एक जुनं गावठाण, कोळीवाडा, ज्याच्या शेजारी १९५०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. दुसरं म्हणजे प्रकल्पबाधितांसाठी बांधलेली सात मजली इमारतींची वसाहत. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर २०१७ पासून हजारो माणसं इथे आणली गेली.

माहुलचं नाव घेतलं की आपल्याला आधी फुप्फुसं आठवतात, आणि ते योग्यच आहे. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत इथल्या सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं होतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या निकालात त्या पाहणीचा आधार आहे. पुढे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसाहतीतल्या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या, असा आदेश दिला.

पण ज्याला फुप्फुसं आहेत त्याला गुडघेही आहेत. आता कल्पनेतल्या दोन बायका समोर आणा. पहिली कोळीवाड्यातली. करंदी सोलायला, मासळी निवडायला ती उकिडवी किंवा बुटक्या पाटावर बसते, तासन् तास. दुसरी वसाहतीत सहाव्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी ती जिन्याने चढते, आणि वर पाणी नसेल तर हातात बादली असते. दोघी जमिनीवर बसून जेवतात, दोघींच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे. दोघींचे गुडघे दुखतात. तुम्ही प्रश्नावली घेऊन गेलात. आता काय होईल?

‘कूस’ नीट उघडून बघू

‘कूस’ ही प्रश्नावली एवा रूस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. एकूण ४२ प्रश्न, पाच विभाग: वेदना ९, लक्षणं ७, दैनंदिन कामं १७, खेळ व विरंगुळा ५, जीवनमान ४. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण आणि शेवटी प्रत्येक विभागाचा ० ते १०० स्कोअर. १०० म्हणजे काहीच त्रास नाही. दैनंदिन कामांचे १७ प्रश्न १९८८ च्या ‘वोमॅक’मधून जसेच्या तसे घेतलेत. म्हणजे यापुढे जे बोलू ते ‘वोमॅक’लाही बऱ्यापैकी लागू आहे.

आता ते १७ प्रश्न वाचा. जिना उतरणं, चढणं, बसल्याजागी उठणं, उभं राहणं, वाकणं, सपाट जागी चालणं, हे सगळं ठीक. मग येतं: गाडीत बसणं-उतरणं. मोजे घालणं. मोजे काढणं. बाथटबमध्ये शिरणं-निघणं. संडासाच्या सीटवर बसणं-उठणं.

आणि उकिडवं बसणं? ते या यादीत नाही. ते पुढच्या विभागात आहे: धावणं, उड्या मारणं, दुखऱ्या गुडघ्यावर गिरकी घेणं, गुडघे टेकणं यांच्या पंगतीत. विभागाचं नाव, खेळ व विरंगुळा.

इथे थांबून विचार करा. ही प्रश्नावली ज्या समाजात घडली तिथे मोठा माणूस उकिडवा बसतो तो बहुधा व्यायामशाळेत किंवा बागेत. त्यामुळे तिथे ही वर्गवारी चुकीची नव्हती. पण आपल्या पहिल्या बाईचं पोट ज्या बैठकीवर चालतं, ती बैठक इथे विरंगुळा ठरली. भाषांतराने हे सुटत नाही. शब्द मराठी झाले तरी कुठला प्रश्न कुठल्या विभागात मोजायचा, ही चौकट तीच राहते.

बारा गुणांची गोष्ट

आता हिशेब. दुसऱ्या बाईला दैनंदिन कामांचे १७ प्रश्न विचारले. त्यातले मोज्यांचे दोन, गाडीचा एक, बाथटबचा एक, हे चार तिला लागूच नाहीत. उरलेल्या १३ प्रश्नांना तिने ‘मध्यम त्रास’ म्हटलं, म्हणजे प्रत्येकी २ गुण, एकूण २६.

पद्धत एक: तुम्ही घाईत आहात. ती म्हणाली, “मोजे? काही त्रास नाही बाई.” तुम्ही त्या चारही प्रश्नांना ० लिहिलं. कमाल ६८ पैकी २६. स्कोअर आला सुमारे ६२.

पद्धत दोन: लागू नसलेले चार प्रश्न तुम्ही कोरे सोडले. नियमानुसार विभागातल्या निम्म्या तरी प्रश्नांची उत्तरं असतील तर उत्तरं दिलेल्यांची सरासरी काढता येते. सरासरी २, स्कोअर ५०.

बाई तीच, गुडघा तोच, दिवस तोच. फरक १२ गुणांचा. आणि ‘कूस’ वापरणारे पेपर साधारणपणे ८ ते १० गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका धरतात. म्हणजे मुलाखत घेणाऱ्याने ‘त्रास नाही’ आणि ‘लागू नाही’ यांत फरक केला की नाही, एवढ्यावरून एका उपचाराइतका परिणाम दिसू किंवा नाहीसा होऊ शकतो. सुरुवातीच्या मुलाखती एका विद्यार्थ्याने घेतल्या आणि बाराव्या आठवड्याच्या दुसऱ्याने, तर तुमचा निष्कर्ष व्यायामाबद्दल आहे की विद्यार्थ्यांबद्दल, हे सांगता येणार नाही. थिसिसमध्ये ही नोंद कुठे असते? बहुतेक वेळा कुठेच नसते.

चांगला पेपरसुद्धा असा वाचा

इथे कुणी म्हणेल, हे आपल्याकडच्या ढिसाळ कामाचं झालं, मोठ्या ट्रायलमध्ये असं होत नाही. तर एक खरोखर चांगली ट्रायल घेऊ. डेन्मार्कमध्ये स्कोऊ आणि सहकाऱ्यांनी गुडघेबदल शस्त्रक्रियेसाठी पात्र असलेल्या १०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दोन्ही गटांना १२ आठवड्यांचा व्यायाम, आहार, माहिती असा उपचार. एका गटाला त्याआधी शस्त्रक्रियाही. निकाल २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटात ३२.५ गुणांची सुधारणा, नुसत्या उपचाराच्या गटात १६. शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर दुष्परिणाम मात्र बरेच जास्त. शिवाय दुसऱ्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याने रुग्णांनीच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. रचना स्वच्छ, निष्कर्ष सावध. हा पेपर तुम्ही वाचलाच पाहिजे.

आता त्यांचा मुख्य परिणाम बघा. तो ‘कूस’च्या पाचपैकी चार विभागांची सरासरी आहे. गाळलेला पाचवा विभाग कुठला? खेळ व विरंगुळा. कारण उघड आहे: गुडघेबदलाच्या वयातल्या डॅनिश माणसाला उड्या मारता येतात का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण त्या विभागाबरोबर उकिडवं बसणंही मुख्य आकड्यातून गेलं.

म्हणजे ३२.५ हा आकडा आपल्या कोळीणबाईला सांगायचा झाला तर तिच्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. उलट आपल्याकडे गुडघेबदलानंतर सहसा सल्ला मिळतो की उकिडवं बसू नका, मांडी घालू नका. वेदना कमी झाल्या, स्कोअर वाढला, आणि करंदी सोलायची बैठक गेली. तिच्या दृष्टीने ही सुधारणा आहे की नाही, हे फक्त तीच सांगू शकते. आकडा नाही सांगू शकत.

लक्षात घ्या, इथे चूक डॅनिश लेखकांची नाही. त्यांनी त्यांच्या रुग्णांसाठी योग्य निवड केली. चूक आपली होते, जेव्हा आपण तोच परिणाम उचलून ‘स्कोऊ आणि सहकाऱ्यांप्रमाणे’ असं लिहून मोकळे होतो.

टेंडनकडेही तेच

हा प्रकार गुडघ्यापुरता नाही. अकिलीस टेंडनसाठीची ‘व्हिसा-ए’ ही २००१ ची प्रश्नावली आठ प्रश्नांची, १०० गुणांची. शेवटचे दोन प्रश्न खेळ आणि सरावाबद्दल आहेत आणि त्यांना मिळून ४० गुण. खेळ न खेळणाऱ्या माणसाने ती शब्दशः भरली तर टाच अजिबात दुखत नसतानाही तो ६० वर अडकू शकतो. हे लक्षात आल्यावर २०२३ मध्ये बैठ्या लोकांसाठी तिची वेगळी आवृत्ती आली. म्हणजे वीसहून जास्त वर्षं मधे गेली. आणि ‘बैठे लोक’ हा शब्दही आपल्या कामाचा नाही. दिवसभर चिखलात, जिन्यावर, बाजारात उभा असलेला माणूस खेळाडूही नाही आणि बैठाही नाही. त्याच्यासाठी रकाना कुठे?

आता उपचाराची बाजू. टेंडनच्या व्यायामावरचा सगळ्यात गाजलेला पेपर आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांचा, १९९८ चा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची. पंधराचे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा. गुणाकार करा: रोज १८० वेळा, १२ आठवडे. त्रास कमी झाला की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं. पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. पण ते पंधरा जण हौशी धावपटू होते, आणि तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता.

धावपटूला आपण सांगतो, धावणं थोडं आवर आणि हा व्यायाम कर. त्याचा एकूण भार आपल्या हातात असतो. सहाव्या मजल्यावर बादली नेणाऱ्या बाईला तुम्ही १८० वेळा टाच सोडायला सांगता तेव्हा तो व्यायाम तिच्या आधीच्या भारावर चढतो, त्याच्या जागी येत नाही. पिशवीतलं वजन तिच्या हातात आधीच आहे. व्यायामाचा डोस लिहिताना आधीचा डोस मोजलाच नाही, तर प्रोटोकॉल फसला की भार जास्त झाला, हे कळणार कसं?

आणि हा आधीचा डोस किरकोळ नसतो. ब्रिटनमधल्या कूपर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताचे १०९ रुग्ण आणि २१८ निरोगी लोक यांची तुलना होती. कामात रोज ३० मिनिटांपेक्षा जास्त उकिडवं बसणं, गुडघे टेकणं, किंवा रोज दहापेक्षा जास्त जिने चढणं, या तिन्हींचा संधिवाताशी संबंध दिसला. एक जिना म्हणजे एक मजला धरला तर सहाव्या मजल्यावर दोन फेऱ्या झाल्या की बारा जिने होतात. अर्थात हा अभ्यास आठवणीवर आधारलेला, रुग्ण थोडे, त्यामुळे ‘जिन्यानेच गुडघा गेला’ असं त्यावरून लिहू नका. पण जिना हा मोजायचा घटक आहे, एवढं नक्की.

जिन्याच्या चाचणीत काय मोजलं जातं?

प्रश्नावली नको तर प्रत्यक्ष चाचणी घेऊ, असं तुम्ही म्हणाल. चांगली कल्पना. २०१३ मध्ये गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी काही चाचण्यांची आंतरराष्ट्रीय शिफारस झाली. त्यात तीन मुख्य: ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ४० मीटर भरभर चालणं आणि जिना चढणं-उतरणं. जमिनीवरून उठणं त्यात नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माहुलमध्ये आणखी एक पेच आहे. जिथे इतक्या लोकांनी धाप लागत असल्याचं सांगितलंय, तिथे जिना चढायला लागलेली सेकंदं गुडघ्याची की फुप्फुसांची? बारा आठवड्यांत व्यायामाने मांडीचे स्नायू सुधारले, पण त्याच महिन्यात हवा बिघडली, तर वेळ वाढेल आणि तुम्ही लिहाल, ‘व्यायामाचा परिणाम दिसला नाही.’ उपाय अवघड नाही. चाचणी का थांबली ते विचारून लिहा: दुखलं म्हणून, धाप लागली म्हणून, की तोल जाईल असं वाटलं म्हणून. चढण्याची आणि उतरण्याची वेळ वेगवेगळी नोंदवा. उतरताना धाप कमी लागते आणि गुडघ्याचं दुखणं जास्त उघडं पडतं.

एका शब्दाची जबाबदारी

आता भाषेबद्दल, कारण हा भाग एथिक्स कमिटीच्या नजरेतूनही सुटू शकतो. आपल्या विषयाला मराठीत आपण ‘पुनर्वसन’ म्हणतो. माहुलच्या वसाहतीत याच शब्दाचा अर्थ घर आहे. पाडलेल्या घराच्या बदल्यात मिळालेलं घर, किंवा इथून सुटून मिळायला हवं असलेलं घर. तिथे तुमच्या संमतीपत्रावर ‘पुनर्वसनाचा अभ्यास’ असं छापलेलं असेल आणि खाली सही-अंगठ्याची जागा, तर माणूस सही कशाच्या आशेने करेल?

हा शब्दखेळ नाही. समजून दिलेली संमती हा संशोधनाचा पाया आहे, आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतितत्त्वांमध्ये सामाजिक-आर्थिकदृष्ट्या असुरक्षित गटांबद्दल वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय. ‘गुडघेदुखीवर व्यायामाचा अभ्यास’ असं साधं लिहा. त्याच्याखाली एक ओळ टाका: या अभ्यासाचा घर मिळण्याशी किंवा न मिळण्याशी काहीही संबंध नाही. आणि ती ओळ वाचून दाखवा.

मग करायचं काय?

‘कूस’ फेकून द्यायची का? नाही. तुमचा निकाल उद्या कुणाला दहा अभ्यासांबरोबर एकत्र मोजायचा असेल तर सगळ्यांचं माप एक असावं लागतं. ही हरकत खरी आहे आणि तिला टाळू नये. म्हणून प्रमाणित माप ठेवा, पण एकटं ठेवू नका.

आपल्याकडे याचा चांगला नमुना आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांध्या-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढ, आणि त्यातल्या १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना दुखणं. रुग्णालयात येईल तो रुग्ण, असं न धरता ते दारात गेले, हा पहिला धडा. दुसरा धडा त्यांच्याच नंतरच्या कामातला: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुडघ्याच्या संधिवातावरच्या एका औषध-चाचणीत त्यांनी ‘वोमॅक’चा दैनंदिन कामांचा विभाग भारतीय वापरासाठी बदलून घेतला आणि तसं स्पष्ट लिहिलं. मराठी मुलखात हे काम होऊन गेलंय. आपण ते वाचत नाही, हा भाग वेगळा.

दुसरी सोय १९९५ पासून उपलब्ध आहे: स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांची रुग्णनिहाय कार्यक्षमता मोजणी. रुग्णाला विचारायचं, दुखण्यामुळे अडलेली तुमची तीन ते पाच कामं सांगा, आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्या. कोळीणबाई म्हणेल, करंदी सोलायला बसणं. दुसरी म्हणेल, बादली घेऊन वर जाणं. कागद एक, वेळ पाच मिनिटं. दोन माणसांची तुलना याने नीट होत नाही, पण त्या माणसात फरक पडला का, हे याच्याइतकं सरळ दुसरं काही सांगत नाही.

तर सिनॉप्सिस पाठवण्याआधी एवढं करा. प्रश्नावली स्वतः हातात घ्या, आणि तुमच्या ओळखीच्या, जमिनीवर बसून काम करणाऱ्या एका माणसाला शेजारी बसवून सगळे प्रश्न मोठ्याने वाचा. कुठे तो हसतो, कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतो, त्या प्रश्नांवर खूण करा. ‘लागू नाही’चा नियम आधीच लिहून ठेवा आणि मुलाखत घेणाऱ्या सगळ्यांना एकच नियम द्या. मग शेवटी त्याला विचारा, यात काय राहिलं? तो जे सांगेल ते तुमच्या परिणामांच्या रकान्यात यायला हवं. गाईडनी विचारलं, हे कुठल्या पेपरमधून आणलं, तर बारा गुणांचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा.